अर्वोचा डावा डोळा

लाँग पोर्टेज, उत्तर ओंटारिओ
रविवार, २९ नोव्हेंबर १९५९

प्रिय ऑरेल,

तू, तुझी बायको, मुलं सगळी ठणठणीत असाल असं धरून लिहिते. पत्ता तुझ्या बहिणीकडून, झानेतकडून घेतला. पोस्टाच्या दारात उभी राहून ती मला सारखी विचारत होती, "काही वाईट बातमी तर नाही ना?" मी म्हटलं, तसं असतं तर तार केली असती. तेव्हा तूही घाबरू नकोस. मी सायमी कोस्केला. आता कोस्केला नाही, निएमी; पण तुला मी आमच्या खाणावळीतलीच आठवत असणार, कोपरापर्यंत हात पिठात.

इकडचं सगळं बरं आहे. आई गेली त्याला बरीच वर्षं झाली. झोपेत गेली, त्रास नाही झाला. खाणावळ आता तेव्हासारखी राहिली नाही. खाणीतल्या लोकांना बायका आल्या, घरं आली, आमच्याकडे जेवायला कोण राहणार? पुढच्या खोलीत मी कॉफी आणि वेलदोड्याचा पाव विकते. माझा नवरा ताउनो खाणीची बस चालवतो. मी तुला लिहितेय हे त्याला ठाऊक आहे. "एवढ्या वर्षांनी लिहितेस तर जरा वाचता येईल असं लिही बाई," इतकंच म्हणाला.

पत्राचं निमित्त म्हणजे तो मुखवटा. तू वाचलं असशीलच. मॉन्ट्रियलच्या हॉकी संघाच्या गोलकीपरला न्यू यॉर्कमध्ये तोंडावर चकती बसली, आत जाऊन टाके घालून घेतले आणि मुखवटा चढवूनच परत बर्फावर आला. त्यांच्या कोचला म्हणे ते अजिबात पटलं नव्हतं. पण दुसरा गोलकीपर होता कुठे? आमच्याकडे ही बातमी आली त्या सकाळी पुढच्या खोलीत बसायला जागा नव्हती. म्हातारा कुस्ता, तोच तो, तुझ्या ताटातलं मटण पळवायचा, म्हणाला, "मुखवटा घालून गोल अडवायचा म्हणजे मांजराने मोजे घालून उंदीर पकडायचा!"

सगळे हसले आणि माझ्या भावाकडे, अर्वोकडे बघायला लागले. तुला कल्पना नाही, पण गोलकीपर म्हटलं की इथले लोक अर्वोकडेच बघतात. खाणीतल्या दिव्यांच्या खोलीत काम करतो, दिवे पुसतो, भरतो, आणि डोक्यात मात्र नुसते गोलकीपर भरलेत. कुणीही काहीही विचारावं.

अर्वोने सावकाश पाव कॉफीत बुडवला. "कुस्ता, मुखवटा काही आजचा नाही. किंग्स्टनच्या कॉलेजातली एक मुलगी तलवारबाजीचा जाळीदार मुखवटा लावून गोलात उभी राहिली होती. सत्तावीस साली."

"मुलगी!"

"मुलगीच. तू हसतोयस तसेच तेव्हाही हसले असतील. पुढे मॉन्ट्रियलच्याच एका म्हाताऱ्या गोलकीपरने नाक मोडलं म्हणून कातड्याचा मुखवटा बांधला. काही सामने घातला आणि टाकला. म्हणे खालचं दिसत नाही."

मग काय, त्याची गाडी सुटली. पहिले गोलकीपर क्रिकेटचे पॅड बांधून उभे राहायचे. चकती अडवायला बर्फावर लोळण घेतली तर शिक्षा व्हायची, उभ्यानेच अडवायची. गोलकीपरने कुणाला काठी मारली तर त्यानेच जाऊन शिक्षेच्या बाकावर बसायचं, आणि तोवर गोलात दुसरा कुणीतरी बिचारा. तो चव्वेचाळीस वर्षांचा पांढऱ्या केसांचा कोचही आलाच, ज्याचा गोलकीपर डोळ्याला लागून पडला तेव्हा तो स्वतःच पॅड बांधून अंतिम फेरीत उतरला होता आणि सामना जिंकला होता. ही गोष्ट अर्वो फार रंगवून सांगतो. डोळ्याला लागलं हे मात्र एका दमात उडवून पुढे जातो.

एवढे गोलकीपर सांगतो, पण लाँग पोर्टेजच्या गोलकीपरबद्दल कधी तोंड उघडत नाही. ते बाकीचे लोकच सांगतात. गावात कुणी नवा आला की हळूच कोपराने ढोसून दाखवतात, "तो बघ, अर्वो कोस्केला. टोरांटोच्या मोठ्या संघाने बोलावलं होतं त्याला. तो एक फटका बसला नसता तर…"

हे तुला लिहायचं नव्हतं. लिहून गेले. असू दे.

ऑरेल, तो दिवस तुझ्याइतकाच मलाही आठवतो. मी बर्फाच्या मैदानाच्या कठड्याला टेकून उभी होते. सराव संपला होता, पोरांनी हातमोजे काढायला घेतले होते आणि अर्वोच ओरडला होता, "आणखी एक! ऑरेल, आणखी एक मार!" तू डावीकडून फटका मारलास, आणि चकती त्याच्या डाव्या डोळ्यावर बसली. तू काही चुकीचं केलंस असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. आईलाही वाटलं नव्हतं. तू दवाखान्यातून आलास तेव्हा तिने तुला एवढंच विचारलं होतं, "जेवलास का?" पण गाव बोलत होतं. दुकानात तू शिरलास की लोक गप्प व्हायचे. आमच्याकडची तुझी खोली इतकी स्वच्छ करून गेलास की गादीवर सुरकुतीसुद्धा नव्हती. ते बघून आई रडली होती.

आता खरं काम. बर्फ आहे तोवर एकदा येऊन जा.

का, तेही लिहिते, नाहीतर तू येणार नाहीस. इथल्या रिंकवर गोलाच्या मागे पिंजऱ्यात बसून, चकती आत गेली की लाल दिवा लावायचं काम बरीच वर्षं अर्वोकडे होतं. लोक थट्टा करायचे, एका डोळ्याचा न्यायाधीश म्हणून. तोही हसायचा. यंदा त्याने ते सोडलं. लोकांना सांगितलं, कंबर दुखते. कंबर चांगली आहे. उजवा डोळा जातोय. ऑक्टोबरमध्ये मी त्याला टोरांटोला नेलं होतं. काचबिंदू आहे. औषध चालू आहे, पण गेलेलं परत येत नाही म्हणाले. समोरचं अजून दिसतं. माणसाचा चेहरा दिसतो, जवळ बसला तर.

मी लिहितेय हे अर्वोला ठाऊक नाही. आलास की सांगेन, तूच वाट चुकून आलास म्हणून.

तुझ्या घरच्यांना माझा नमस्कार. बायकोला सांग, वेलदोड्याच्या पावाची कृती हवी असेल तर पाठवते.

सायमी


लाँग पोर्टेज
रविवार, ३ एप्रिल १९६०

प्रिय ऑरेल,

सुखरूप पोचल्याचं तुझं पत्र मिळालं. मुलांचा फोटोही. धाकटा अगदी तुझ्यावर गेलाय, कान सोडून.

उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा चुलीत घातलं. आज अर्वो शेजारी बसलाय, म्हणून हे पुरं होईल.

तू आलास त्याचा आम्हाला किती आनंद झाला हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तुला ते खोटं वाटेल. केस गेले तुझे, पोट आलं, पण दारात उभा राहून बूट आपटायची तीच तऱ्हा. अर्वोला तू दिसण्याआधी ऐकू आलास. "हा आवाज फ्रेंच माणसाचा," म्हणाला, "फिनिश माणूस बर्फ झाडतो, हा दार मोडतो." आणि मग तुम्ही दोघे दुपारभर बसलात. मी वाटाण्याचं सूप वाढत होते, ताउनो उगाच आत-बाहेर करत होता, आणि तुम्ही गोलकीपर मोजत होतात. तू दोनदा म्हणालास, "अर्वो, त्या दिवशी…" आणि दोनदा त्याने मध्येच काढलं, "ते सोड, तुला हे माहितेय का…" पहिल्यांदा क्रिकेटचे पॅड, दुसऱ्यांदा तो पांढऱ्या केसांचा कोच. मी स्वयंपाकघरात ऐकत होते. हातातली पळी कुठे ठेवली ते मला नंतर सापडेना.

मग तुम्ही रिंकवर गेलात. ताउनोने मला नंतर सांगितलं, अर्वोच्या कानाला लागून तू सगळा सामना बोलत होतास. चकती आता डावीकडे, आता मागे, आता कोपऱ्यात. अर्वो मान हलवत होता. पुढच्या बाकावरच्या लोकांनी तुला ओळखलं, आणि एकानेही तोंड फिरवलं नाही, हेही ताउनोने सांगितलं. मला बरं वाटलं. मग जेवताना तू हसत हसत म्हणालास, की इथून गेल्यापासून तू हॉकीची काठी हातात धरली नाहीस. आणि मुलांना स्केट घेऊन दिले नाहीस. "तिकडच्या डोंगरात सगळी पोरं बर्फावर, आणि माझी दोघं खिडकीत," असं म्हणालास. हसत म्हणालास, म्हणून आम्हीही हसलो. अर्वो हसला नाही. तुझं लक्ष नव्हतं, माझं होतं.

स्टेशनवर तू मला बाजूला घेऊन विचारलंस, "सायमी, त्याने मला माफ केलंय का गं?"

मी म्हटलं, "केव्हाच."

हा एक शब्द परत घ्यायला मी हे पत्र लिहितेय. माफ करण्यासारखं काही असलं तर माणूस माफ करतो. तुझ्या बाबतीत काही नव्हतंच. मला ते तेव्हा ठाऊक होतं, आणि गाडी सुटायची घाई होती, आणि अर्वोने मला शपथ घातली होती की तो स्वतः सांगेल. मी वाट बघत राहिले. गाडीने वळण घेतलं तरी मी अर्वोच्या तोंडाकडे बघत होते.

आता नीट सांगते.

गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात, लाल दिव्याचं काम सोडायच्या आधी, शेजारच्या खाणीच्या संघाशी सामना होता. एक चकती गोलाच्या जाळीला बाहेरून लागली, बाजूला. अर्वोने लाल दिवा लावला. गावाने छत डोक्यावर घेतलं, पंचाने गोल दिला. त्यांचा गोलकीपर रागाने लाल होऊन पिंजऱ्यापाशी आला आणि काठी आपटून ओरडला, "आंधळा आहेस का रे?" आपले लोक त्याच्यावरच हसले. अर्वो घरी आला, टोपी न काढता बसला आणि म्हणाला, "पोराने बरोबर विचारलं, सायमी." तेव्हा मला कळलं. तरी टोरांटोला यायला त्याने उन्हाळा घालवला.

डॉक्टर तरुण होता, मऊ बोलणारा. उजवा डोळा तपासून झाल्यावर त्याने विचारलं, हे घराण्यात असतं, वडिलांना होतं का? बाबा दाराच्या चौकटीला धडकायचे ते मला आठवलं. आम्ही म्हणायचो, प्यायलेत. मग त्याने डाव्या डोळ्याचं विचारलं. अर्वो म्हणाला, "तो हॉकीत गेला." डॉक्टर म्हणाला, "ते समजलं. पण त्याआधी? त्या बाजूचं कधी दिसेनासं व्हायचं का? समोरचं स्पष्ट, आणि बाजूने आलेली वस्तू एकदम उगवल्यासारखी?"

मी म्हणणार होते, नाही हो, टोरांटोचा संघ बोलावत होता त्याला. तेवढ्यात अर्वो म्हणाला, "व्हायचं."

"केव्हापासून?"

"त्याच्या आदल्या हिवाळ्यापासून."

ऑरेल, मी त्या खुर्चीत बसले होते आणि मला आमचं जेवणाचं टेबल दिसत होतं. अर्वो नेहमी डाव्या टोकाला भिंतीशी बसायचा, म्हणजे सगळे त्याच्या उजव्या हाताला. त्याच्या डावीकडे कप ठेवला की सांडायचा, आणि आई त्याला धसमुसळा म्हणायची. तू एकदा डावीकडून येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवलास तर तो केवढा दचकला होता! आम्ही सगळे हसलो होतो.

त्याला माहीत होतं. टोरांटोला गेला असता तर पहिल्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरने घरी पाठवला असता, हेही माहीत होतं. म्हणून त्या दिवशी सराव संपल्यावर तो "आणखी एक" म्हणून ओरडत होता. डावीकडून आलेलं अजून अडवता येतं का, हे त्याला स्वतःलाच बघायचं होतं. तू मारलास, आणि चकती त्याला दिसलीच नाही. तू त्याचा डोळा फोडलास हे खरं आहे, ते मी गोड करून सांगत नाही. पण त्याचं टोरांटो तू घालवलं नाहीस. ते आधीच गेलं होतं, आणि हे एकट्या अर्वोला ठाऊक होतं.

तुला सोडून आम्ही घरी आलो तेव्हा मी त्याला फार बोलले. इतकी वर्षं त्याचा डोळा गेला म्हणून मी त्याच्याशी चढ्या आवाजात बोलले नव्हते, ते सगळं एकदम निघालं. "पोरांना स्केट घेऊन दिले नाहीत त्याने! ऐकलंस ना? मग तोंडात काय होतं तुझ्या?"

"तोंडाशी आलं होतं गं."

"मग?"

त्याने टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा केले. "गावात सगळे बघतात ना माझ्याकडे," म्हणाला, "तो बघ अर्वो, टोरांटोला जाणार होता. ते मला आवडतं, सायमी. पहिल्या वर्षी लाज वाटायची. मग आवडायला लागलं. डोळा अधू असलेला गोलकीपर कुणाला हवाय? फटका बसलेला सगळ्यांना हवा असतो." मग म्हणाला, "ऑरेल निघून गेला तेव्हा मी अंथरुणात होतो, पट्टी बांधलेली. आईने सांगितलं, गेला. मला वाटलं, बरं झालं. आता त्याच्याशी नजर भिडवायला नको."

मी उठून बाहेर गेले. ताउनोने सौना, आमची वाफेची खोली, तापवली होती, तिथे जाऊन बसले, कपड्यांनिशीच. ताउनो आला आणि काही न विचारता त्याने दार लावून घेतलं, ऊब जाऊ नये म्हणून. चांगला माणूस आहे तो. त्याच्याशी लग्न केल्याचा मला एक दिवसही पस्तावा झाला नाही, हे तुला लिहायला मला काही वाटत नाही. पण त्या वर्षीच्या जूनमध्ये तू आईशी आपल्या दोघांचं बोलणार होतास. मी सांगितलं नव्हतं तरी आईने ओळखलं होतं. तिने चांगले कप वरच्या फळीवरून काढून धुऊन ठेवले होते. ते कुणी परत वर ठेवले, मला आठवत नाही. त्या सौनात बसून मी तेच आठवायचा प्रयत्न करत होते. दुसरं काही नाही.

अर्वोवर फार रागावू नकोस, असं लिहिणार होते. पण रागाव. माझाही अजून गेलेला नाही. तो रोज सकाळी कॉफीला येतो, मी त्याच्या उजव्या हाताला कप ठेवते आणि आम्ही हवेबद्दल बोलतो. कुस्ताने परवा पुन्हा गावातल्या नव्या डॉक्टरला कोपराने ढोसून सांगायला सुरुवात केली, "तो बघ, अर्वो…" तर अर्वो मध्येच म्हणाला, "कुस्ता, पुरे. माझा डोळा आधीच गेला होता." खोलीत कुणाला काही समजलं नाही. कुस्ता म्हणाला, "आता म्हातारपणी नम्र झालास होय!" आणि सगळे हसले. अर्वोने पुन्हा सांगितलं. पुन्हा हसले. त्यांना आता दुसरी गोष्ट नकोच आहे. मला तेव्हा त्याची दया आली. तेवढीच.

म्हणून तो म्हणाला, गावाचं जाऊ दे, ऑरेलला लिही. मला दिसत नाही, मी सांगतो, तू लिही. सकाळपासून इथे बसलाय. आधी म्हणाला, लिही की मला वाईट वाटतं. मग म्हणाला, खोड. मग सगळ्या जगातल्या गोलकीपरांचा दाखला द्यायला लागला, तेव्हा मी लेखणी खाली ठेवली. आता म्हणतोय ते मी त्याच्याच शब्दांत उतरवते:

"त्याला लिही, तुझा फटका काही एवढा भारी नव्हता. दोन्ही डोळे धड असते तर मी तो नुसत्या हाताने धरला असता. पोरांना स्केट घेऊन दे म्हणावं."

मी विचारलं, एवढंच? म्हणाला, एवढंच.

मी त्यात माझं काही घालत नाही. तुझी आणि आमची गेलेली वर्षं कुणाच्या नावावर लिहायची हे मला कळत नाही, आणि कळलं तरी आता उपयोग नाही. इकडचं बर्फ वितळायला लागलंय.

एके काळी तुझी होणारी,
सायमी